पहिल्या दिवसाचं पाणी

त्या दिवशी सकाळी साडेसातला मी माझीच शी एका झाकणाच्या डबीत घालून, डबी कापडी पिशवीत आणि पिशवी मांडीवर घेऊन मुकुंदवाडीहून शेअर रिक्षानं निघाले. शेजारी एक गृहस्थ बसले होते, अंघोळ करून, गंध लावून. त्यांनी चौकशी केली, दवाखान्यात कुणी ॲडमिट आहे का, डबा कुणाचा. मी म्हणाले, माझाच आहे. ते म्हणाले, बरं करता, बाहेरचं खाण्यापेक्षा घरचं केव्हाही चांगलं. मी मान हलवली आणि पिशवी सांभाळून बाहेर बघत बसले.

लॅबमधल्या बाईनं चिठ्ठी दोनदा वाचली. ताप नाही, जुलाब नाहीत, मग टायफॉइडचे जंतू उगवून बघायचं कल्चर कशाला, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, मी स्वयंपाक करते आणि माझ्या हातचं खाऊन पोरी आजारी पडल्या असं गल्लीत म्हणतात. ते खरं का खोटं, मला कागदावर पाहिजे. तिनं आधी माझ्या हातांकडं पाहिलं आणि मग डबीकडं. म्हणाली, एकदा करून भागत नाही, तीन वेळा आणावं लागतं, जंतू दर वेळी सापडतातच असं नाही. मी म्हणाले, तीस वेळा आणते.

मी मेस चालवते. मेस म्हटलं की पाटी, टेबल-खुर्च्या, काउंटर असं काही डोळ्यांसमोर आणू नका. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत दोन चटया अंथरल्या की मेस सुरू, गुंडाळल्या की बंद. शेजारच्या तीन मजली घरात खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत, तिथल्या सात पोरी माझ्याकडं जेवायच्या. कुणी नर्सिंगची, कुणी पोलीस भरतीची तयारी करणारी. सगळ्या सिल्लोड, कन्नड, भोकरदन या भागातल्या खेड्यांतून आलेल्या. माझे मालक चिकलठाण्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात, मुलं आपापल्या संसाराला लागली. मला माणसं जेवू घालायला आवडतं आणि मी ते चांगलं करते. यात लाजण्यासारखं काही नाही म्हणून सांगून टाकलं.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी नवव्या दिवशी. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हळहळतो. आम्ही हळहळत नाही, आम्ही कॅलेंडरवर गोल करतो. साखरपुडा, बारसं, पाहुण्यांचं येणं हे सगळं त्या गोलाकडं बघून ठरतं. गोलाच्या दिवशी गल्लीत सणासारखी गडबड असते. ड्रम उपडे करायचे, उरलेलं शिळं पाणी मोरीत ओतायचं, ब्रशनं घासायचं, नळाला मोटर लावायची आणि ताजं पाणी ओढून घ्यायचं. मोटर सगळेच लावतात. न लावणाऱ्याच्या नळाला नुसती फुसफुस येते.

आणि एक रीत आमच्या गल्लीत घरोघरी होती. पाणी तिसऱ्या दिवसापासून शिळं धरायचं आणि शिळं पाणी उकळूनच प्यायचं. मी तर याबाबतीत फारच कडक होते. मोठं पातेलं भरून उकळायचं, फडक्यानं गाळायचं, तुरटी फिरवायची. पोरींच्या आयांना मी हे अभिमानानं सांगायचे. पहिले दोन दिवस मात्र पाणी ताजं, ते कशाला उकळायचं? ते थेट माठात. पाण्याच्या दिवशी जी पोरगी दारात येईल तिच्या हातात मी तांब्या द्यायचे आणि म्हणायचे, ताजं आहे, पी पोटभर.

त्या सातजणींत एक सिल्लोडच्या पुढच्या खेड्यातली होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आई रोजानं कापूस वेचायला जायची. अंगानं काडी, पण जेवायला बसली की तिच्यासाठी तवा खाली उतरवता यायचा नाही. मला अशी माणसं आवडतात. उन्हाळ्यात एके दिवशी तिनं दीड भाकरी खाल्ली आणि उठली. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी ताटासमोर नुसती बसून राहिली. कपाळ तापलेलं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं व्हायरल सांगून गोळ्या दिल्या. ताप रोज संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त चढत गेला. जिभेवर मधोमध पांढरा थर आला. कडा तेवढ्या लाल. मी ती जीभ पाहिली आणि मला काय ते कळलं, कारण तशीच जीभ मी लहानपणी आरशात पाहिली होती. तिला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्ताच्या कल्चरमध्ये टायफॉइड निघाला. तोवर आणखी दोन पोरी पडल्या होत्या.

शेजारच्या घरमालकीणबाई वयानं मोठ्या, त्यांना सगळे काकू म्हणतात. त्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या आणि गल्लीतल्या चारजणी उभ्या होत्या. मी दवाखान्यातून आले ते त्यांच्या समोरूनच. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पोरी ऱ्हात्यात माझ्या खोल्यांत, पण खात्यात कुठं ते बघा की. कुणाच्या बी हातचं खाल्लं की असंच व्हतंय."

कुणाच्या बी हातचं. कदाचित त्यांच्या मनात नुसती स्वच्छता असेल. आजवर त्यांनी मला दुसरं काही बोलून दाखवलं नव्हतं, दिवाळीचा फराळही पाठवायच्या. पण आमच्या घरात तीन पिढ्यांनी हे शब्द ऐकलेले आहेत, आणि ते कुठल्या आवाजात म्हटले की त्यांचा काय अर्थ होतो, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. माझी कानशिलं तापली. मी पायरीवरच थांबले आणि म्हणाले, "काकू, हात माझा आहे. मी तपासून आणते."

दोन दिवसांनी त्यांनी मोबाइल घेऊन येऊन मला एक व्हिडिओ दाखवला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत एक स्वयंपाकीण होती. स्वतः ठणठणीत, पण तिच्या पोटात टायफॉइडचे जंतू घर करून होते आणि ज्या ज्या घरी ती राबली त्या त्या घरी माणसं पडली. डॉक्टर तपासणीला शी मागायला गेला तर ती मटण कापताना धरायचा लांब काटा घेऊन त्याच्या अंगावर धावली. मग तिला पकडून एका बेटावर ठेवलं. स्वयंपाक करणार नाही असं कबूल केल्यावर सोडलं, तर तिनं पुन्हा स्वयंपाकच धरला. मग मात्र मरेपर्यंत बेटावर. व्हिडिओ संपल्यावर काकू मोबाइल पदरात गुंडाळून गेल्या. त्यांना वाटलं मी घाबरेन.

मला राग आला, तोही त्या स्वयंपाकिणीचाच आधी. द्यायची ना डबी भरून. काय जात होतं? पण नंतर भांडी घासताना वाटलं, तिच्याकडं दुसरं होतं काय? एवढा एक हात होता, तोच विषारी म्हणाले. माणूस काटा नाही घेणार तर काय घेईल. तिच्या हातून माणसं गेली हे खरं, आणि तिनं ऐकायला पाहिजे होतं हेही खरं. पण कल्हई गेलेल्या भांड्यासारखं तिला उचलून बाजूला ठेवून दिलं, त्याची चीड मला अजून येते. मी मात्र काटा घेणार नव्हते. मी डबी घेणार होते.

राग आतून इतका का येत होता, त्याचं कारण माझी आजी आहे.

माझं माहेर फर्दापूरच्या अलीकडचं, लेण्यांच्या रस्त्यावरचं. आजीच्या तरुणपणी तिकडं निजामाचं राज्य होतं. गावात एक बांधीव विहीर होती, तिच्यात आमची घागर बुडत नव्हती. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, आणि दया काही रोज येत नाही. म्हणून आमची माणसं गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरायची. वर गावात जे धुतलं, सांडलं, टाकलं जाई, ते सगळं त्याच ओढ्यानं खाली येई. आमच्या वस्तीत ताप का यायचा, हे समजायला मोठा अभ्यास लागत नाही.

आजीची पहिली मुलगी सात वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. टायफॉइडचं हेच नाव होतं तेव्हा. सात दिवस, चौदा दिवस, एकवीस दिवस, अशी त्याची मुदत. मुदत भरली की तो जायचा, एकटा किंवा माणसाला घेऊन. औषध नव्हतं. पोराला अंधाऱ्या कोपऱ्यात निजवायचं, कपाळावर ओलं फडकं, पोटात नुसती पेज आणि वर नवस. एकोणिसाव्या दिवशी ताप जरा उतरल्यासारखा वाटला. पोरगी म्हणाली, आई, भाकरी दे. एकोणीस दिवस उपाशी असलेलं लेकरू. आजीनं पाव भाकरी ताकात कुस्करली आणि स्वतःच्या हातानं भरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं पोट फुगून दगडासारखं झालं. दुपारी ती गेली.

आजोबांच्या बहिणीनं दारात उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं की आईनं आपल्या हातानं पोर मारली. आजीनं ते कधी नाकारलं नाही. पुढं पाच मुलं झाली, नातवंडं झाली, पण आजारी माणसाला तिनं पुन्हा आपल्या हातानं घास दिला नाही. स्वयंपाक तीच करायची, ताटही तीच वाढायची. आजाऱ्याच्या पुढं ठेवायला मात्र दुसरं कुणीतरी लागायचं.

मला टायफॉइड झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तोवर आमची वस्ती बौद्ध होऊन बरीच वर्षं लोटली होती, दारात स्वतःचा हापसा होता, आणि सरकारी दवाखान्यात कॅप्सूल मिळत होत्या. त्या कडू कॅप्सुलींनी आठवड्याच्या आत ताप उतरला. आजीचा त्यावर विश्वास बसला नाही. तिनं एकवीस दिवस पुरे केले, नुसत्या पेजेवर. माझे केस मूठ-मूठ गळाले. बाविसाव्या दिवशी तिनं पातळ, पापडासारखी भाकरी थापली, ताटलीत ठेवली आणि शेजारणीला हाक मारली. तिच्या हातात ताटली देऊन म्हणाली, "तू दे." आणि स्वतः दाराआड जाऊन उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. वाटलं, आजीला मी आवडत नाही. खरी गोष्ट आईनं मला आजी गेल्यावर सांगितली.

तर दुसरी डबी देऊन झाली त्या दिवशी मी दवाखान्यात पोरीच्या कॉटजवळ बसले होते. पोरीला सलाइन चालू होतं. पूर्वीच्या कॅप्सुली आता चालत नाहीत, त्यानंतरच्या गोळ्याही बऱ्याच जणांना लागू पडत नाहीत, म्हणून इंजेक्शनं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. जंतू औषधांना सरावलेत. अर्धवट गोळ्या खाऊन सोडणाऱ्यांनी त्यांना सरावू दिलंय. त्या राउंडला आल्या तेव्हा मी विचारलं की लहानपणी झालेला टायफॉइड माझ्या पोटात अजून असू शकतो का. त्या म्हणाल्या, असू शकतो, काही लोकांच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षं राहतो, म्हणून तर तुम्ही मागितलीत तेव्हा तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो मी आयुष्यात कुणालाच विचारला नव्हता. तापात भाकरी खाल्ली तर माणूस मरतो का?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाकरीनं आतडं फाटत नाही. या आजारात तिसऱ्या आठवड्यात आतड्याला आतून जखमा होतात, भोक पडतं. औषध नव्हतं म्हणून पडलं. भाकरी दिली नसती तरी पडलं असतं. आजीला सांगा."

मी म्हणाले, आजी गेली. मला तिथंच रडू आलं, आणि ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं. एक बाई पन्नासाहून जास्त वर्षं स्वतःचा हात पाठीमागं धरून जगली, आणि दोष होता ओढ्याचा. दोष त्या विहिरीवर घागर न बुडवू देणाऱ्यांचा होता. त्यांच्यापैकी कुणी दाराआड उभं राहिलेलं मी ऐकलं नाही.

डॉक्टरबाई पुढच्या कॉटकडं निघाल्या होत्या, त्या जाता जाता थांबल्या. विचारलं, पोरींना पाणी कुठलं देता? मी डोळे पुसत ठसक्यात सांगितलं की उकळून, गाळून, तुरटी फिरवून. रोज? रोजच. फक्त पाणी आलं की पहिले दोन दिवस नाही, तेव्हा ते ताजं असतं.

"ताजं म्हणजे कुठून ताजं?" त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी मला समजावलं. पाइप आठवडाभर रिकामा पडलेला असतो. तो जातो गटाराशेजारून, कुठं कुठं गटारातूनच. जिथं गंजला, फुटला, तिथून घाण आत झिरपत राहते. मग पाणी सुटतं, गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम ओढायला लागतात आणि फटीतून होतं नव्हतं ते सगळं आत खेचून घेतात. सगळ्यात घाण पाणी ते पहिलं. "तुम्ही नेमकं उलटं करताय," त्या म्हणाल्या. "शिळं उकळता आणि ताजं तसंच पिता." एका वाक्यात त्यांनी आजीला सोडवलं होतं, आणि दुसऱ्या वाक्यात मला धरलं.

घरी येऊन मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. पाण्याच्या दिवसाला गोल, पोरींच्या खाड्यांना फुली, ही माझी पद्धत. जंतू पोटात गेल्यावर ताप यायला आठ-पंधरा दिवस लागतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, म्हणून गोलापासून बोटानं पुढं मोजत गेले. तेराव्या दिवशी त्या पोरीची पहिली फुली. त्याच सुमाराला बाकी दोघींची. उरलेल्या चौघी तेव्हा सुटीला गावी गेल्या होत्या, त्या आल्या त्याच्या पुढच्या गोलानंतर, पाण्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या उकळलेल्या पाण्याच्या दिवशी. त्यांना काहीच झालं नव्हतं. आणि मला तो गोलाचा दिवस आठवला. ती सिल्लोडहून एसटीनं भर उन्हात आली होती, खांद्याला बॅग, ओठ सुकलेले. मी माठातून तांब्या भरून दिला. ती दोन तांबे प्यायली. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवतं.

तिसरा रिपोर्टही आला. तिन्ही वेळा काही उगवलं नाही, हात निर्दोष. मालक म्हणाले, झालं तुझ्या मनासारखं, लाव दाराला आणि गप बस, पाण्याचं कुणाला काय माहीत. माझंही मन एक दिवस तसंच म्हणत होतं. रिपोर्ट खरा होता, आणि तेवढाच दाखवला असता तर कुणी मला खोटं पाडू शकलं नसतं. पण दोन तांबे मीच दिले होते. काकूंना मी म्हणाले होते की हात तपासून आणते. मग सगळाच दाखवायला पाहिजे होता.

मी रिपोर्ट दाराला चिकटवला आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हातात दोष नाही. पहिल्या दिवसाचं पाणी न उकळता मी दिलं, ही चूक माझी. ताजं पाणी सगळ्यात घाण असतं. ज्यांच्या घरी ताप आहे त्यांनी सांगावं.' दोन घरं पलीकडच्या खाला, म्हणजे मावशी, कपडे शिवतात, वीस वर्षांचा आमचा शेजार. त्या मान वर करून वाचत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ये तो तुनं सब के सामने अपनी इज्जत टांग दी." मी म्हणाले, हौ. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की त्यांची सून दहा दिवसांपासून तापानं फणफणतेय, घरात सगळे व्हायरल म्हणतात. दुपारपर्यंत आणखी तीन घरांनी सांगितलं. सगळी आमच्याच बाजूची, एकाच लाइनवरची. समोरच्या कोपऱ्यावर ज्यांची बोअर होती त्यांच्याकडं कुणीच पडलं नव्हतं.

संध्याकाळी काकू आल्या. चष्मा लावून कागद वाचला, पुन्हा वाचला. म्हणाल्या, "मंग यांना बी त्येच झालंय का काय? आठ दिस झाले, अंथरुणावरच हायेत." त्यांच्या मालकांना ताप होता हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काकांनी माझ्याकडचं कधी काही खाल्लंय का?" मी विचारलं.

"घासभर बी नाय," त्या पटकन बोलून गेल्या, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही, दवाखान्याचा पत्ता सांगितला आणि रक्ताचं कल्चरच करा म्हणून बजावलं.

पुढच्या गोलाच्या दिवशी मी मोटर लावली नाही. खालांकडून लोणच्याच्या काचेच्या बरण्या मागून आणल्या आणि पाणी सुटल्या सुटल्या आमच्या बाजूच्या सहा घरांतून पहिलं पाणी भरून घेतलं. ओट्यावर ओळीनं मांडल्या. राखेच्या पाण्यासारखा रंग. एका बरणीत तर काळा धागा तरंगत होता. इतकी वर्षं हे पाणी थेट ड्रममध्ये पडायचं आणि ड्रम निळे, म्हणून कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मी आणि खाला त्या बरण्या रिक्षात घालून पाण्याच्या ऑफिसात गेलो. एका साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेब म्हणाले, गाळ असतो, खाली बसतो. मी पर्समधून तुरटी काढली. म्हणाले, साहेब, फिरवते, दहा मिनिटं थांबते, मग तुम्ही एक ग्लास प्या, मी लगेच निघते. ते आधी बरण्यांकडं आणि मग खालांकडं पाहत राहिले. खाला खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि उठायच्या विचारात नव्हत्या. अर्ज लिहून घेतला गेला, शिक्का मारून पोचही मिळाली.

चौथ्या दिवशी माणसं आली आणि खणलं. पाइप चार हात लांब गटाराच्या आतून गेलेला होता आणि एका जागी बोट जाईल एवढं भोक होतं. मी बोट घालून पाहिलं नाही, खालांनी पाहिलं. तेवढा तुकडा बदलला. पुढच्या वळणापासून जुनाच पाइप आहे, त्यासाठी दुसरा अर्ज दिलाय. आम्ही जिंकलो वगैरे मी म्हणत नाही. मोटर मी काढली, खालांनी काढली, काकूंनी काढली नाही. आमच्या नळाला आता करंगळीएवढी धार येते आणि ड्रम भरायला अर्धा दिवस लागतो. टोमणे रोज ऐकते. माझ्याकडं जेवायला येणाऱ्या पोरीनं आधी टायफॉइडची लस घ्यायची, असा नियमही मी केलाय. जिला पटत नाही तिनं दुसरीकडं जेवावं.

महिन्यानं ती पोरगी गावाहून परत आली, आईला घेऊन. गाल आत गेलेले, केस विरळ झालेले, ओढणीनं डोकं झाकलेलं. आई चटईच्या काठावर टेकली. तिला मी सगळं आधीच फोनवर सांगितलं होतं, तांब्यासकट. त्यानंतर तिचा फोन आला नव्हता. आता ती इकडं तिकडं बघत म्हणाली, "डॉक्टरीन म्हनली समदं खाऊ द्या. पण मला धीरच व्हईना, अजून पेजच देतेय. म्हनलं हितंच आणावं. तुमीच द्या तिला पयली भाकर."

तुमीच द्या. मी पीठ मळायला घेतलं. भाकरी थापली, पापडासारखी पातळ, आणि ती टम्म फुगली. ताटलीत काढली. वरणाची वाटी ठेवली. आणि माझा हात ताटलीवर तसाच राहिला. पुढं जाईना. दारात खाला उभ्या होत्या, पोरीला बघायला आलेल्या. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि 'तुम्ही द्या' हे शब्द माझ्या ओठांवर आले. तिन्ही रिपोर्ट निर्दोष असलेली मी, साहेबाच्या टेबलावर बरण्या मांडणारी मी, आणि शब्द आजीचे आले.

मग मला आजीचा भयंकर राग आला. तिचा नाही, तिला दाराआड उभं करणाऱ्यांचा. मी ताटली घेऊन पोरीसमोर खाली बसले. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोरीला माझ्या हातानं भरवला. ती लाजली, पण तिनं तोंड उघडलं. दुसरा घास दिला. तिसऱ्याला तिनं ताटली स्वतःकडं ओढून घेतली आणि विचारलं, मावशी, शेंगदाण्याची चटणी नाही का केली? तिची आई पदर तोंडाला लावून रडत होती. मी चटणी वाढली आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

जेवता जेवता तिला ठसका लागला. मी तांब्या पुढं केला. तिनं तो हातात घेतला, पण प्यायली नाही. त्या दिवशी पाणी सुटलं होतं, मोरीत ड्रम धुऊन उपडे ठेवलेले तिला दिसत होते.

"ताजं आहे का मावशी?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "उकळलेलं आहे. पी पोटभर."